रोजच्या वापरातली व्ही-क्रॉस: शुक्रवारी भरलेला हौदा, बाकीचे सहा दिवस रिकामा. सस्पेन्शनचं काय करू?

कुळागरवाला_सत्तरी

नमस्कार. वाळपईच्या पुढे आमचं कुळागर आहे. सुपारी, माड, केळी, थोडी मिरी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, २०१९ची, डबल कॅब, ४ बाय ४. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. घरात दुसरी चारचाकी नाही. मुलीची शाळा, वाळपईचा बाजार, आईचं औषधपाणी, सगळं हिच्यावरच.

माझी अडचण दुहेरी आहे. दर शुक्रवारी पहाटे होंडा, साखळी, डिचोली, अस्नोडा असा म्हापशाच्या बाजाराला जातो. हौद्यात सोललेले अडीचशे-तीनशे नारळ आणि दहा-बारा केळीचे घड. तेव्हा गाडी मागून एवढी बसते की समोरचे वाहनवाले हेडलाइट मारून मला दिवे खाली करायला सांगतात, आणि माझे दिवे तर डिमवरच असतात. खड्ड्यात मागून ठण् असा आवाज येतो.

परतताना हौदा रिकामा. मग तीच गाडी प्रत्येक गतिरोधकावर मागून उडते. आईचं वय ७१, कमरेच्या मणक्याचा त्रास. महिन्यातून एकदा तिला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यावं लागतं. साखळीहून आमोणे, खांडोळे, माशेल, बाणस्तारी करत जुन्या गोव्याला पोचेपर्यंत ती दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसलेली असते. मागच्या खेपेला ती म्हणाली, "पुढच्या वेळी मला कदंबाच्या बसने जाऊदे." तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

एका दुकानात विचारलं तर त्यांनी दोन इंच उचलणारं पूर्ण किट सुचवलं. पुढच्या स्प्रिंगा, चार शॉकअप, मागे कायम ३०० किलो भाराचे पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). खर्च दीड लाखाच्या आसपास. माझी तयारी ऐंशी हजारांपर्यंत आहे, पण काम खरंच होणार असेल तर अजून थोडे घालीन. पाऊस तोंडावर आहे आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधी निर्णय घ्यायचाय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

पाटे_डिचोली

बाब, आधी एक गोष्ट. शॉकअप भार उचलत नाही. भार उचलतो पाटा. स्प्रिंग दबून परत वर येते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं. म्हणजे "गाडी बसते" हा पाट्याचा प्रश्न, आणि "गाडी उडते" हा पाटा, शॉकअप आणि टायरची हवा या तिघांचा. दुकानदाराने दोन्ही एका पाकिटात घालून दिलेत.

मी खाणी चालू असल्यापासून टिपरांचे पाटे बांधतो. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा अर्धं काम गेलं, २०१८ला परत बंद झाल्या तेव्हा उरलेलं गेलं. तेव्हापासून पिकअप आणि टेंपोच जास्त येतात. त्या अनुभवावरून सांगतो, काही विकत घेण्याआधी तीन कामं करा.

हवा बघा. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. बरेचजण बाजाराच्या दिवसासाठी मारलेली हवा आठवडाभर तशीच ठेवतात. मग रिकामी गाडी दगडासारखी चालते आणि दोष सस्पेन्शनला.

मग सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. रिकामी मोजा, भरलेली मोजा, लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात फरक आला तर तिथेच उत्तर आहे.

आणि गाडी वजनकाट्यावर न्या. नुसतं एकूण वजन घेऊ नका. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. काटेवाला कुरकुर करील, त्याला दुप्पट पैसे द्या.

अजून एक विचारतो, पाट्यांना जळकं ऑइल लावता का? आपल्याकडे ही खोड घरोघरी आहे. त्याने आवाज चार दिवस जातो, पण त्यात लाल माती बसते आणि पाट्यांमध्ये पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. वर ते ऑइल शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीच्या) रबरी बुशांवर गळतं. रबर फुगतं, मऊ पडतं आणि संपतं.

किनारा_पेडणे

माझी पण व्ही-क्रॉस. तीन वर्षांपूर्वी मी तेच केलं जे तुम्हाला दुकानाने सांगितलंय. दोन इंच वर, मागे कायम ३०० किलोचे पाटे. माझं कारण वेगळं होतं. हौद्यावर कॅनोपी (बंद टप), आत दोन ड्रॉवर, पाण्याची टाकी, म्हणजे माझा भार कधी उतरतच नाही. म्हणून माझ्या गाडीला ते शोभलं. चोर्ला घाटात गाडी आता वळणावर कलत नाही, केरीपासून वरपर्यंत हात हलका राहतो.

पण तुमचा हौदा सहा दिवस रिकामा. ३०० किलोचा पाटा ३०० किलो असतानाच गोड वाटतो. एकदा रंगकामासाठी मी कॅनोपी आणि सगळं सामान उतरवलं होतं. त्या आठवड्यात मोपा विमानतळावर बहिणीला सोडायला गेलो. नवा गुळगुळीत रस्ता, तरी प्रत्येक सांध्यावर मागून लाथ बसत होती. आई मागच्या सीटवर असेल तर तो पाटा घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

उचलण्याचे बाकीचे परिणाम दुकानात कोणी सांगत नाही. पुढचे ड्राइव्हशाफ्ट (पुढची चाकं फिरवणारे दांडे) तिरके होतात, माझा त्यावरचा उजवा रबरी बूट आठ महिन्यांत फाटला आणि आतलं ग्रीस रिमवर उडालं. अलाइनमेंटला कास्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगच्या कलाचा कोन) जागेवर येईना, म्हणून वरचे कंट्रोल आर्म बदलले, तो खर्च वेगळा. हेडलाइट परत लावून घ्यावे लागले. काही पिकअपांना मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व असतो, त्याची सळी एक्सलला जोडलेली असते. गाडी मागून बसली की भार आहे असं समजून तो मागे जास्त ब्रेक देतो. मागची बाजू उचलली तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, मागचा ब्रेक कमी पडतो. तुमच्या गाडीला तो आहे का ते खाली वाकून बघा, असेल तर सेट केल्याशिवाय घाट उतरू नका.

आणि तुमची आई चढणार कशी? माझी बायको अजून दाराची मूठ धरून चढते.

फोंडा_प्रवासी

दोन शब्द कागदांचे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बांधणीत बदल करण्याबद्दल आहे, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली. झिजलेला भाग बदलून त्याच मापाचा बसवणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची बदलली तर आरटीओ आणि विमा दोन्हीकडे प्रश्न येऊ शकतात. विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

दुसरं, पाटे कितीही जाड घातले तरी आरसीवरचं ग्रॉस वजन (गाडीसकट परवानगीचं कमाल वजन) वाढत नाही. त्यात माणसंही मोजायची. एक्सल, बेअरिंग, ब्रेक सगळं मूळचंच राहतं.

किनारा_पेडणे

एअरबॅगचा, म्हणजे सस्पेन्शनच्या हवेच्या फुग्यांचा, पर्याय कोणी बोललं नाही. चॅसिस आणि एक्सलच्या मध्ये बसतात, शुक्रवारी हवा भरायची, परत आल्यावर किमान दाबापर्यंत सोडायची.

पाटे_डिचोली

चालेल, पण माझं मत विरुद्ध. पाट्याचा भार चॅसिसवर दोन टोकांना वाटून जातो, एअरबॅगचा एकाच जागी येतो. कुळागराच्या वाटेवर गाडी आपटत जाणार, तिथे मला ते नको वाटतं. शिवाय पाइपांना काटेकुटे. आधी कुळागरवाल्यांचे आकडे येऊदेत.

कुळागरवाला_सत्तरी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं केलं.

हवा चारही चाकांत ४२ पीएसआय निघाली. बाजारासाठी मारायचो आणि तशीच ठेवायचो, अगदी म्हणालात तसं. स्टिकरप्रमाणे केली. तेवढ्यानेच रिकाम्या गाडीत फरक पडला.

काटा: रिकामी गाडी, टाकी भरलेली, मी आत. पुढे ११९०, मागे ८४०. शुक्रवारचा माल भरून: पुढे ११७०, मागे ११९०. म्हणजे माल ३३० किलो, आणि मागच्या एक्सलवर वाढले ३५०, कारण पुढचे वीस किलोही मागे गेले. स्टिअरिंग हलकं का लागायचं ते हा आकडा बघून कळलं. एकूण २३६०, आरसीवरच्या ग्रॉस वजनाच्या आत.

टेप: पुढे डावं-उजवं सारखं. मागे रिकाम्या गाडीत डावी बाजू १४ मिलिमीटर खाली. भरल्यावर हा फरक २० झाला.

आणि हो, जळकं ऑइल लावायचो. वडील लावायचे जीपला, म्हणून मीही.

पाटे_डिचोली

१४ मिलिमीटर खूप झाले. डावा पाटा गेलाय. गाडी जास्त पळवू नका. सेंटर बोल्टच्या (सगळ्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी बॅटरी मारून बघा, पाटा बहुतेक तिथेच तडकतो, कारण भोकामुळे पट्टी तिथेच कमजोर. वरून दिसत नसेल तर सोडवूनच कळेल.

आता कामाचं. जोडी बदला, एकच बाजू नको. मूळ मापाचेच पाटे घ्या, उंची न वाढवणारे. बऱ्याच पिकअपांत सर्वांत खाली एक जाड, सरळ पाटा असतो, तो रिकाम्या गाडीत कामच करत नाही, भार आल्यावर टेकतो. तुमची गरज नेमकी हीच आहे. वरचे मऊ राहूदेत, शुक्रवारी खालचा टेकूदे. यू बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) जुने परत वापरू देऊ नका. एकदा कसले की ते ताणले जातात. नवे घाला, मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा, आणि पाचशे किलोमीटरनंतर परत कसा.

एक गोष्ट मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करून घ्या. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यांचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना पूर्ण कसायचे नाहीत. रबरी बुश त्या कोनात पकडला जातो, गाडी खाली आली की पिळतो आणि लवकर फाटतो. आधी हाताने घट्ट, गाडी चाकांवर उतरवून दोनदा हलवायची, मग कसायचं.

उरलेले पैसे शॉकअपला. चारही बदला. नायट्रोजन गॅसचे, पण रिकाम्या गाडीला जमेल अशा मऊ व्हॉल्विंगचे, म्हणजे कमी अडवणारे. विकणाऱ्याला सरळ सांगा, मागची चाकं रिकामी ८४०, भरली ११९०, आठवड्यातून एकच दिवस भार. आकडे ऐकल्यावर तो मोठं किट पुढे करणार नाही.

कुळागरवाला_सत्तरी

काम होऊन पाच आठवडे झाले. लिहायला उशीर झाला, सुपारीच्या फवारणीची घाई होती.

डाव्या बाजूचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून आरपार तुटलेला निघाला. मेन पाटा शाबूत होता म्हणून गाडी उभी होती. हातात ते दोन तुकडे घेतले तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्याच्या आदल्या रविवारी घरचे सगळे भरून मी चोर्ल्यातून बेळगावला जाऊन आलो होतो. मागचे दोन्ही शॉकअपही मेलेले. हाताने दाबले तर काहीच विरोध न करता दबले. शॅकलचे बुश फुगून चिकट झाले होते. जळकं ऑइल आता बंद.

मूळ मापाचे पाटे दोन्ही बाजूंना, नवे यू बोल्ट, सगळे बुश, चार गॅसचे शॉकअप, अलाइनमेंट. उंची तीच. एकूण खर्च ७१ हजार. बोल्ट गाडी खाली उतरवून कसायला सांगितलं तेव्हा मेकॅनिक आधी माझ्याकडे बघत राहिला. मी कारण सांगितलं, मग म्हणाला की पुढच्या गाडीलाही तसंच करीन.

माल भरून गाडी आता मागे ५२ मिलिमीटर बसते, आधी उजवीकडे ७० आणि डावीकडे ७६ बसायची. दिवे जवळपास सरळ. अस्नोड्याच्या पुढे पहाटे समोरून कोणी हेडलाइट मारत नाही. ठण् आवाज गेला. गुरुवारी रात्री पंपावर मागे हवा वाढवतो, शुक्रवारी दुपारी परत येताना साखळीला कमी करतो. सवय झाली.

गेल्या मंगळवारी आईला बांबोळीला नेलं. आमोण्याच्या पुलापर्यंत तिने सीट धरली होती, मग हात काढून मांडीवर ठेवले. माशेलला मी आरशात बघितलं तर झोपली होती. परतताना बाणस्तारीला थांबून तिने भाजी घेतली, आणि कदंबाचं नाव काढलं नाही.

पाचशे किलोमीटरला यू बोल्ट परत कसले, अर्धा आटा तरी बसले. एक शंका उरलीय. पुढे उजव्या बाजूला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बारीक किरकिर येते. पाऊस पडला की जाते, उन्हात परत येते. डिचोलीचे बाब, हे स्टॅबिलायझरचं रबर असेल का?

पाटे_डिचोली

असू शकतं. पण पूर्ण वळवल्यावरच येत असेल तर आधी खालच्या बॉल जॉइंटचं रबर बघा, फाटलं असेल तर आत माती गेलेली असते. रविवारी डिचोलीला या, सकाळी दहाच्या आत. पावसाळ्यात त्यानंतर माझ्या शेडमध्ये उजेड नसतो.