दक्षिण सुदान: आकडा वाढला, पुढे?

"सैनिक दुप्पट केले की प्रश्न मिटतो" हे शांतिसेनांबद्दल ऐकू येणारं मत दक्षिण सुदानला लागू पडत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटल्यावर सुरक्षा परिषदेने तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या सैनिकांची मर्यादा ७,००० वरून १२,५०० वर नेली, पण कागदावर! प्रत्यक्ष तुकड्या पोचायला कित्येक महिने गेले. (तिथल्या अकोबो गावात या शांतिसेनेतले आपले भारतीय जवान मारले गेले ते या ठरावाच्या जेमतेम आठवडाभर आधी.) मला या शांतिसेनेला मे २०१४ मध्ये दिलेली मुदतवाढ जास्त महत्त्वाची वाटते. सरकारला राज्य उभारायला मदत करण्याचं काम तिने बाजूला ठेवलं आणि नागरिकांचं संरक्षण पुढे आणलं. सरकारच लढाईतला एक पक्ष, मग दुसरं करणार काय? तरीही जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबात मदतीच्या हाका येऊनही शांतिसैनिक तळाबाहेर पडले नाहीत. नंतरच्या चौकशीने मुख्य बोट ठेवलं ते विस्कळीत नेतृत्वावर.