सीपीएल झालं, हाताशी पाच लाख : टाइप रेटिंग, इन्स्ट्रक्टर रेटिंग की एटीपीएल?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. वय २४, सांगली जिल्हा. दीड वर्षापूर्वी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं. एकूण २१२ तास उड्डाण, त्यातले १५ मल्टी-इंजिनचे, इन्स्ट्रुमेंट रेटिंगसह (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायची परवानगी). घर तारण ठेवून कर्ज काढलंय, हप्ता द्राक्षबागेतून जातो. गेल्या वर्षी एका विमान कंपनीची लेखी आणि ॲप्टिट्यूड पार केली. गटचर्चेत मात्र तोंडच उघडलं नाही आणि बाहेर पडले.
आता आजीने तिच्या ठेवीतले पाच लाख दिलेत. एअरबस ए-३२०चं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारचं विमान उडवायची परवानगी) स्वतःच्या खर्चाने करू, इन्स्ट्रक्टर होऊ, की एटीपीएलचे (विमान कंपनीत कॅप्टन व्हायला लागणारं वरचं लायसन्स) पेपर देऊ? पाच लाखांपुढे एक रुपयाही नाही, कृपया तेवढं धरूनच सांगा.

डोंबिवलीकर
ए-३२० डोळे झाकून घे. माझ्या भाच्याने घेतलं, आज तो फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, त्याच जूनमध्ये इंडिगोने ५०० ए-३२० मागवली. विमानं आली की चालवायला माणसं लागणारच. पाच लाखांत काही होत नाही, वरचे दहा-बारा उभे कर. एवढा खर्च केलास तर शेवटच्या पायरीवर कशाला अडतेस?

उनाड_पाखरू
काका, मी ते घेतलंय म्हणून सांगतो. २०२२च्या अखेरीस १७ लाख भरले. सिम्युलेटरवरचं (सिम) प्रशिक्षण परदेशात होतं, राहण्या-जेवणाचे वेगळे. परत आलो आणि मे २०२३ मध्ये देशातली एक कंपनी बंद पडली. तिथले शेकडो तास उडवलेले ए-३२०चे फर्स्ट ऑफिसर माझ्यासोबत रांगेत आले. माझ्या लायसन्सवर ए-३२०ची तीच नोंद, पण त्या विमानावरचे तास शून्य. मला कोण बोलावणार?
नोकरी लागायला सोळा महिने गेले. तोवर रेटिंगच्या चेकची (रेटिंग चालू ठेवायला ठरावीक काळाने द्यायची उड्डाण-परीक्षा) तारीख उलटून गेली, सिमची सेशन्स पुन्हा पदरचे पैसे घालून करावी लागली. हात बसलेला राहत नाही हो. कॉकपिटमधल्या कृतींचे जे क्रम (फ्लो) तोंडपाठ होते ते सहा महिन्यांत विसरायला झाले.

तर्कट
मुळात एअरबस का? बोइंग ७३७ शिकलेला माणूस काहीही उडवू शकतो. योक (स्टिअरिंगसारखा दांडा) हातात असतो, ऑटोथ्रॉटल (इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) लागलं की लिव्हर हलताना दिसतात, विमान काय करतंय ते हाताला कळतं. एअरबसमध्ये साइडस्टिक (बाजूची छोटी दांडी), आणि ऑटोथ्रस्टवर (तिथलं ऑटोथ्रॉटल) लिव्हर जागचे हलतही नाहीत.

उनाड_पाखरू
इंजिनांचे आकडे समोर दिसतात, ते वाचायचे असतात. लिव्हर हलत नाहीत म्हणून वैमानिक झोपलेला नसतो. आणि भारतात ए-३२० किती आणि ७३७ किती ते बघा, तिला नोकरी इथेच हवी आहे.

तर्कट
अकासा विमान कंपनीचा सगळा ताफा ७३७ मॅक्सचा आहे. एअर इंडियाच्या त्या ४७० मध्येही १९० मॅक्स आहेत. माहिती घेऊन बोला.

सिएटलकर
इथे अमेरिकेत टाइप रेटिंग विकत घेऊन कुणी विमान कंपनीच्या दारात उभं राहत नाही, निवडल्यावर कंपनीच शिकवते. पण २०१३ पासून साधारण १५०० तासांची अट आहे (विमानशास्त्राची पदवी असेल तर १०००), त्यामुळे सगळी मुलं इन्स्ट्रक्टर होऊन तास भरतात. २००९ च्या बफेलोच्या विमान अपघातानंतर हा नियम आला. इकडे ये, इथलं लायसन्स कर, इन्स्ट्रक्टर हो. माझ्या शेजारणीचा मुलगा २६ व्या वर्षी जेटवर होता.

तर्कट
बफेलोच्या त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते. तास मोजून शहाणपण येतं हे सिद्ध कुठे झालं?

वारणाकाठ
सिएटलकर दादा, शिकायचा व्हिसा मिळेलही, कामाचा कोण देणार? आणि बजेट पाच लाख आहे.

धावपट्टी
मी विदर्भात दोन वर्षं शिकवलं. आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग (एएफआयआर), मग पूर्ण. पहिल्याचा खर्च माझा चार लाखांच्या आत बसला, म्हणजे तुझ्या बजेटात. सुरुवातीला वरिष्ठ इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवायचं असतं. पण तास पायलट-इन-कमांड (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून लॉगबुकात चढतात आणि वर पगार मिळतो, थोडका का होईना.
एप्रिल-मे मध्ये पहाटे साडेपाचला पहिली सॉर्टी (उड्डाण). दहानंतर ऊन असं तापतं की शिकायचं छोटं सेसना १७२ विमान फायनलवर (धावपट्टीकडे सरळ उतरताना) पतंगासारखं उचललं जातं. शिकाऊ मुलगा वीस फुटांवरच फ्लेअर करतो (टेकण्याआधी नाक वर उचलतो), विमान तरंगत राहतं आणि मग धप्पकन बसायला बघतं. कंट्रोल कधी घ्यायचे आणि कधी त्याचं त्याला निस्तरू द्यायचं, हे तिथे शिकले. मुलाखतीत मला अर्धा तास त्यावरच विचारलं.
आता वाईट बाजू. पहिल्या शाळेत पाचपैकी तीन विमानं सुट्या भागांसाठी उभी होती. तीन महिन्यांत माझे अकरा तास झाले आणि पगार दोनदा लांबला. म्हणून पैसे भरण्याआधी शाळेत स्वतः जा. आज उडणारी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या महिन्यात एकेकाने किती तास उडवले, हे तिथल्या मुलांना विचार, ऑफिसात विचारू नकोस.

कोल्हापुरी_लवंगी
ए-३२० ला +१. ठेवी काय कामाच्या, मुलीचं भविष्य बघा.

सुमन_काकू
बाळ, माझा मुलगा तुझ्यासारखाच सीपीएल करून घरी बसला होता. दोन वर्षांनी एका कंपनीचं बोलावणं आलं, हातात दहा दिवस. कागद काढले तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं वर्ष संपलेलं आणि क्लास वन मेडिकलही संपायला आलेलं. चेक द्यायला मल्टी-इंजिन विमान मिळेना. एका ठिकाणी होतं ते दुरुस्तीला, दुसरीकडे तीन आठवड्यांनंतरची तारीख. ती संधी गेली. त्या रात्री तो जेवला नाही, अजून आठवलं की पोटात तुटतं. सीपीएलची मुदत आता दहा वर्षं झाली म्हणून मुलं निर्धास्त राहतात, पण रेटिंग आणि मेडिकल दर वर्षी जिवंत ठेवावं लागतं गं. आधी त्याचे पैसे बाजूला काढ.

डोंबिवलीकर
हेच म्हणतोय, घरी बसू नये. टाइप रेटिंग घेतलं असतं तर मुलगा आज उडत असता.

जुना_वैमानिक
३४ वर्षं उडवलं, निवड समितीवर बसलो. दोन गोष्टी सांगतो.
कंपन्यांच्या जाहिराती नीट वाच. कोऱ्या सीपीएलवाल्यांची जाहिरात वेगळी असते, टाइप रेटेडची वेगळी. दुसरीत बहुतेक वेळा नुसतं रेटिंग पुरत नाही, त्या विमानावरचे तासही मागतात. तुझं नवं कोरं रेटिंग दोन्हींच्या मध्ये लोंबकळतं. पहिलीत निवड झाली तर टाइप रेटिंग कंपनी ठरवेल तिथे आणि तिच्याच पद्धतीने करावं लागतं. पैसे बरेचदा उमेदवाराचेच जातात, पण तेव्हा पुढे नोकरी दिसत असते आणि बँकही दारात उभी करते.
आणि हा बाजार फिरतो. मार्च २०१९ मध्ये मॅक्स विमानं जगभर जमिनीवर बसली, १७ एप्रिलला जेट एअरवेज थांबली. महिनाभरात ७३७ चं रेटिंग असलेले अनुभवी लोक नोकरी शोधत फिरत होते. चार महिन्यांपूर्वी त्याच रेटिंगसाठी मुलांनी जमिनी विकल्या होत्या. ती मुलं माझ्या घरी येऊन बसत. त्यांना काय सांगायचं, मला सुचत नसे.
एटीपीएलचे पेपर दे. लायसन्सला १५०० तास लागतात, पेपरांना नाही. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेडिओ एड्स ताजे आहेत तोवर उरकून टाक. खर्च काही हजारांचा. फक्त निकालाला मुदत असते, तेवढं बघ.

तर्कट
पेपर पास झाल्याने मुलाखतीत गुण मिळतात का?

जुना_वैमानिक
गुण मिळत नाहीत. पण समोरची मुलगी रिकामी बसली नव्हती हे आम्हाला कळतं.

धावपट्टी
काकांना अनुमोदन. पण तास ते तासच. एएफआयआर कर.

उनाड_पाखरू
एएफआयआर कर. टाइप रेटिंग आत्ता नको, माझं ऐक.

वारणाकाठ (सात आठवड्यांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. निर्णय घेतलाय आणि तो बहुतेकांना आवडणार नाही.
टाइप रेटिंग घेत नाही. इन्स्ट्रक्टरचंही आत्ता नाही. दोन शाळांमध्ये जाऊन आले. एका ठिकाणी सहापैकी दोन विमानं उडत होती, दुसरीकडे रेटिंग झालेले तिघं तासांची वाट बघत बसले होते. एटीपीएलचे पेपरही या वर्षी नाहीत.
मी नेव्हिगेशनमध्ये पडले नव्हते, गटचर्चेत पडले होते. कागद कितीही जोडले तरी त्या खोलीत मला बोलता येणार नव्हतं. पुण्यात सीपीएलच्या मुलांना मेटिऑरॉलॉजी शिकवायची नोकरी धरलीय. रोज चाळीस मुलांसमोर दोन तास इंग्रजीत बोलते. पहिल्या आठवड्यात गळा सुकायचा. परवा मान्सूनच्या ट्रफवर (कमी दाबाच्या पट्ट्यावर) एका मुलाने वाद घातला आणि मी फळ्यासमोर उभी राहून अर्धा तास त्याच्याशी भांडले.
दीड लाख बाजूला ठेवलेत : रेटिंगचा चेक, मेडिकल आणि हात बसावा म्हणून थोडे तास. साडेतीन लाख घराच्या कर्जात भरले, हप्ता कमी करून घेतला. आजीला विचारूनच.

डोंबिवलीकर
चूक करतेस. सोन्यासारखी वेळ चाललीय. भाच्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, एकदा बोल तरी.

जुना_वैमानिक
पेपर देच, शिकवता शिकवता अभ्यास होतोच आहे. बाकी तू मुलाखतीचं ओळखलंस ते आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. माझंही चुकलं.

सुमन_काकू
चेक कधी आहे गं? मेडिकलची तारीख लिहून ठेवलीस ना?

वारणाकाठ
मेडिकल गेल्या सोमवारी झालं, फिट. चेक या बुधवारी सकाळी सातला, विमान मिळालंय. उद्या रात्रीच एसटीने निघतेय.