इंट्रिकेट हा शब्द नक्की कुठे वापरतात? पैठणीची माहिती इंग्रजीत लिहायचीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे मामा येवल्याला पैठणी विणतात. आता परदेशातून पण विचारणा यायला लागलीय, म्हणून साड्यांची माहिती इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बाकी सगळं झालं, गाडी अडलीय एका विशेषणावर. पदराचं काम इंट्रिकेट म्हणायचं, कॉम्प्लेक्स की कॉम्प्लिकेटेड? डिक्शनरीत बघावं तर तिन्हीला फिरून फिरून 'गुंतागुंतीचे'.

आधी काम कसं असतं ते सांगते, म्हणजे शब्द सुचवायला सोपं जाईल. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरचा मोर किंवा मुनिया पक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षीसाठी धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रावर, काढत नाहीत, प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी कांडी असते, तो रंग जेवढ्या भागात हवा तेवढ्याच भागात ती हाताने फिरवायची आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून घ्यायचे, परत पुढची ओळ. म्हणून पदर उलटा करून बघितला तरी मोर तसाच दिसतो, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. हे सगळं वाचणाऱ्याला एका शब्दात जाणवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता मला जेवढं कळलंय ते असं. कॉम्प्लिकेटेडमध्ये कटकट आहे, आपल्या किचकट सारखी. टॅक्सचा फॉर्म कॉम्प्लिकेटेड असतो, आणि डॉक्टर कॉम्प्लिकेटेड केस म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो, तो शब्द साडीला नकोच. कॉम्प्लेक्स त्यामानाने सरळ आहे, बरेच भाग एकमेकांशी जोडलेले, चांगलं-वाईट काही नाही, मेंदू कॉम्प्लेक्स, शहराची वाहतूक कॉम्प्लेक्स. गंमत म्हणजे त्याच्या लॅटिन मुळात गुंफणं, विणणं असाच अर्थ आहे, पण आज तो वाचला की डोळ्यासमोर माग येत नाही, आकृत्या आणि तक्ते येतात. इंट्रिकेट मात्र नक्षी, कोरीवकाम, लेस, घड्याळाची आतली यंत्रणा अशा ठिकाणी दिसतो, म्हणजे बारीक काम आणि त्याचं कौतुक दोन्ही त्यात येतं. कोणीतरी कन्व्होल्यूटेड पण सुचवलं होतं, पण तो उगाच वेडीवाकडी वळणं घेणाऱ्या युक्तिवादाला किंवा लांबलचक वाक्याला लावतात, म्हणजे जवळजवळ दोषच दाखवणं झालं.

तर इंट्रिकेटच घ्यावा असं मन म्हणतंय, पण काही शंका आहेत. तो फक्त नक्षीलाच लावायचा का विणण्याच्या पद्धतीला पण चालतो? माणसाला लावत नाहीत एवढं नक्की, मग मामांच्या हाताबद्दल लिहिताना स्किल्ड बरा का अजून नेमकं काही आहे? आणि साध्या नारळी काठाला पण इंट्रिकेट लिहिलं तर ज्याला खरंच डोळे फोडून काम केलंय त्या पदराची किंमतच उरणार नाही, म्हणून काठाला फाईन म्हणावं असं वाटतं, पण त्याचा अर्थ कोणी 'ठीकठाक' असा घेईल का?

दोन वाक्यं करून ठेवलीत. एक, 'अ‍ॅन इंट्रिकेट पीकॉक पदर, वोव्हन बाय हँड'. दुसरं, 'अ पीकॉक पदर, इंट्रिकेटली वोव्हन बाय हँड'. मला दुसरं आवडतंय कारण त्यात कौतुक विणण्याचं होतं. इंग्रजीत रोज लिहिणारे किंवा बाहेर राहणारे कोणी असाल तर सांगा ना, कोणतं ठेवू?