मॉडेलला न बसणारी ऑपरेशनल स्थिती टाकून द्यायची का?

घणसोलीची_रात्रपाळी
महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी नेटवर्क बघते. आमची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी प्रत्येक स्विचकडून नेटकॉन्फने (नेटवर्क उपकरणांशी बोलायचा प्रोटोकॉल) ऑपरेशनल स्थिती, म्हणजे आत्ता प्रत्यक्ष काय चालू आहे ते, मागवते, यांगलिंट या तपासणीच्या प्रोग्रॅमने यांग मॉडेलशी (कोणती माहिती कशा रूपात यावी याचा नमुना) ताडून पाहते आणि पास झाली तरच स्क्रीनवर चढवते. स्क्रिप्ट माझीच आहे. स्क्रीनवर कचरा येऊ नये, एवढंच मनात होतं.

गेल्या बुधवारी रात्री पावणेदोनला एका स्विचमधलं लाइन कार्ड (पोर्ट असलेली पट्टी) गेलं. त्यावरचा एक पोर्ट आणि दुसऱ्या कार्डावरचा एक मिळून आमचं बंडल (दोन लिंक जोडून केलेली एक) आहे. स्विच बनवणाऱ्यांच्या मॉडेलात बंडलच्या यादीला मिन-एलिमेंट्स २, म्हणजे किमान दोन सदस्य, लावलंय. यादीत एकच पोर्ट उरला. स्विचने खरं तेच सांगितलं, यांगलिंटने नापास केलं, आणि स्क्रिप्टने त्या स्विचची अख्खी फाइल टाकून दिली. स्क्रीनवर आधीचा हिरवा रंग चाळीस मिनिटं तसाच. तिकडे बॅकअप एका लिंकवर रखडलेला, आणि मी रजिस्टरमध्ये 'सर्व सुरळीत' लिहून सही केली. ती सही मला अजून टोचते.

टीम म्हणते तपासणीच काढून टाक. मला पटत नाही. जानेवारीत नव्या फर्मवेअरने ऑपर-स्टेटसमध्ये (पोर्ट चालू की बंद ते) मॉडेलात नसलेला शब्द पाठवला, तो हिनेच पकडला होता. मग कोणते नियम ठेवू?

जुना_राउटर
ताई, तपासणी काढू नका, तिचे दोन भाग करा. आरएफसी ८३४२ (आयईटीएफ या इंटरनेट मानक संस्थेचा दस्तऐवज, मार्च २०१८) मधला विभाग ५.३ वाचा. व्हेन, मस्ट, मँडेटरी (सक्तीचा), युनिक, मिन आणि मॅक्स-एलिमेंट्स हे अर्थाचे नियम ऑपरेशनल डेटास्टोअरमध्ये (प्रत्यक्ष स्थितीच्या साठ्यात) मोडलेले चालतात. रनिंग कॉन्फिग म्हणजे आपली इच्छा, ती नियमात बसलीच पाहिजे. ऑपरेशनल म्हणजे आत्ता जे आहे ते. कार्ड नसेल तर त्याचा पोर्ट इंटेंडेडमध्ये (लागू करायच्या कॉन्फिगमध्ये) दिसेल, ऑपरेशनलमध्ये नाही, हेही तिथेच लिहिलंय.

रचना, नावं आणि टाइप मात्र मोडता येत नाहीत. असा नोड स्विचने पाठवायचाच नसतो. तुमचा जानेवारीचा शब्द यातला.

म्हणून पहिली फेरी यांगलिंटला '-t get' देऊन करा, त्यात अर्थाचे नियम तपासले जात नाहीत. यात नापास झालेलं अडवा. पूर्ण तपासणी नंतर वेगळी चालवा आणि तिथे जे मोडलं त्याचा अलार्म करा. 'दोन हवेत, एकच आहे' हीच तर तुम्हाला हवी असलेली बातमी होती.

रबाळे_फायबर
वरचं बरोबर. एक भर घालतो. जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) वापरत असाल तर काउंटर (पोर्टवरच्या वाहतुकीची मोजणी) बघा. आरएफसी ७९५१ प्रमाणे ६४ बिटी आकडा अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून यायला हवा, कारण बरेच प्रोग्रॅम २ च्या ५३व्या घातापुढचे पूर्णांक अचूक धरत नाहीत. आमच्याकडे मधला कलेक्टर (डेटा गोळा करणारा प्रोग्रॅम) चिन्हं काढून टाकायचा आणि दोष स्विचला लागायचा. आणि मॉडेलं नेटवरून उतरवू नका. स्विचच्या यांग लायब्ररीत (त्याच्या मॉडेलांची यादी) जी आवृत्ती आणि डेव्हिएशन (मॉडेलपासूनचे जाहीर फरक) आहेत तीच घ्या.

घणसोलीची_रात्रपाळी
दादा, दोघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवार यावरच बसले.

दोन फेऱ्या केल्यावर जे दिसलं त्याने हात गार पडले. दोन जुन्या स्विचची प्रत्येक फाइल आम्ही महिनाभर टाकून देत होतो. ते इंटरफेसच्या आकडेवारीत डिसकंटिन्यूइटी-टाइम (काउंटरची मोजणी शेवटची कधी खंडित झाली ती वेळ) देत नाहीत, आणि आयईटीएफच्या मॉडेलात तो मँडेटरी आहे. म्हणजे स्क्रीनवरची त्यांची स्थिती महिन्यापूर्वीची. आता प्रत्येक चौकटीवर शेवटच्या वाचनाची वेळ छापते. दहा मिनिटं उलटली की चौकट राखाडी होते, मग कारण काहीही असो.

काल चाचणीच्या रॅकमधलं कार्ड स्वतः ओढून काढलं. पुढच्याच फेरीत बंडल पिवळं झालं आणि खाली आलं: सदस्य १, हवे २.

दुसऱ्या फेरीचे अलार्म रात्री सगळ्यांना पाठवता, की फक्त शिफ्टवरच्याला?

जुना_राउटर
फक्त शिफ्टवरच्याला. पंधरा मिनिटांत कुणी उचलला नाही तर मग पुढच्याला.