६व्ही६ वाला ट्यूब अ‍ॅम्प बनवतोय, पैसे कुठल्या पार्टवर घालू?

सहावी_तार
मंडळी, पहिल्यांदाच घरी गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प बनवतोय. सर्किट फेंडर चॅम्प ५एफ१ चं, एक १२एएक्स७ (प्रीअ‍ॅम्पची ट्यूब), एक ६व्ही६ (आउटपुटची पॉवर ट्यूब) आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ५वाय३ ट्यूब, साधारण ५ वॉट. पार्टची यादी करायला बसलो आणि तिथेच अडकलो, कुणी म्हणतं कपलिंग कॅपॅसिटर (एका ट्यूबचा सिग्नल पुढच्या ट्यूबला देणारे) भारीतलेच घे सगळा टोन त्यातच असतो, कुणी म्हणतं रेझिस्टर जुने कार्बन कॉम्पोझिशनचेच पाहिजेत. बजेट मोजकं आहे. जुन्या स्टीरिओतून काढलेला पुश-पुल (पॉवर ट्यूबच्या जोडीसाठीचा) आउटपुट ट्रान्सफॉर्मर पडून आहे, तो चालेल का? आणि ५वाय३ ऐवजी सरळ डायोड टाकले तर?

भुंगा
तो ट्रान्सफॉर्मर नको रे. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना खोडतो म्हणून कोअरला (लोखंडी गाभ्याला) गॅप ठेवत नाहीत. तुझी ६व्ही६ एकटी, तिचा ४०-४५ मिलीअँपिअर डीसी सतत प्रायमरीतून (ट्यूबकडच्या वेटोळ्यातून) जाणार आणि कोअर सॅच्युरेट होणार, म्हणजे चुंबकत्वाने भरून जाणार. मी अगदी हेच करून बसलो होतो, खालच्या ई तारेवर नुसती फरफर यायची आणि मी तीन रविवार कॅपॅसिटर बदलत होतो. शेवटी ट्रान्सफॉर्मर बदलला आणि त्याच संध्याकाळी तीच तार अशी भरून वाजली की मी बराच वेळ तेवढीच वाजवत राहिलो. तेव्हा पैसे इथे घाल, सिंगल एंडेडचा (एकट्या पॉवर ट्यूबसाठीचा), एअर गॅपवाला, ५ ते ८ किलोओहम प्रायमरी.
कपलिंगला ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा साधा फिल्म कॅपॅसिटर नवा घे, बास. जुना लीक झालेला असेल तर ६व्ही६ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि प्लेट लाल होते. रेझिस्टर मेटल फिल्म, कार्बन कॉम्पोझिशनची सूं सूं जास्त.

फिलामेंट
डायोडचं मी सांगते. तुमचा पॉवर ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ चा असेल तर पीक ४६० व्होल्टच्या आसपास जातं. स्विच टाकल्या टाकल्या ६व्ही६ थंड असते, लोड काहीच नाही, आणि डायोड ते सगळं व्होल्टेज लगेच देतात. नंतरही बी प्लस (ट्यूबना मिळणारं मुख्य डीसी व्होल्टेज) चढाच राहतो आणि ६व्ही६ ची प्लेट १२ वॉटच उष्णता सोसणारी आहे. ५वाय३ च ठेवा. पण तिचा फिलामेंटसुद्धा ६व्ही६ च्या आधी तापतो, म्हणून फिल्टर कॅपॅसिटर ४५० चे नको, ५०० व्होल्टचे घ्या. आणि पहिला १६ मायक्रोफॅरडचाच असू द्या, मोठा टाकला तर चालू करतानाचा झटका रेक्टिफायर ट्यूबला सोसत नाही.
आणि हे कृपया टाळू नका, फिल्टरला समांतर २२० के, २ वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) लावा. तरीही हात घालण्याआधी दर वेळी मीटर लावून बघा, बंद केलेल्या अ‍ॅम्पमध्येही जीव घेण्याइतकं व्होल्टेज उरलेलं असू शकतं.

जुना_पिकअप
वरच्या दोघांशी सहमत, फक्त स्पीकर विसरू नका. ९४ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो त्याच्या मापाच्या) जागी ९७ डीबीचा घेतला तर तेवढ्याच ५ वॉटमध्ये १० वॉट दिल्यासारखा आवाज मिळतो. भारी कॅपॅसिटरचे पैसे तिकडे वळवा.

सहावी_तार
सगळ्यांचे मनापासून आभार. पुश-पुलवाला बाजूला ठेवला. स्पीकर ८ ओहमचा बघतोय, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमची सेकंडरीच (स्पीकरकडचं वेटोळं) मागायची ना?

भुंगा
हो, तीच. ४ ओहमच्या टॅपला (सेकंडरीवरच्या जोडणीला) ८ चा स्पीकर जोडलास तर ६व्ही६ ला लोड दुप्पट दिसेल.