फिकट जांभळा, लव्हेंडर की पारवा?

प्रश्न :
बेडरूमला रंग द्यायचा आहे. मनात आहे तो जांभळ्याचा अगदी हलका, जरासा धुरकट प्रकार. शेड कार्डावर लव्हेंडर, लायलॅक, मोव्ह अशी तीन नावं आहेत आणि मला तिन्ही एकच वाटतात. रंगाऱ्याला 'फिका जांभळा' म्हटलं, तर तो म्हणाला, "फिका म्हणजे कुठला?" या रंगाला मराठीत नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद :
आधी 'फिका' सोडा आणि 'फिकट' म्हणा. 'फिका' शब्दात उणेपणा आहे. उन्हाने पडदा फिका पडतो, दुसऱ्यापुढे एखादा फिका पडतो. 'फिकट' म्हणजे मुळातच हलका, त्यात काही कमी पडलेलं नाही.

'जांभळट'ही नको. थंडीने ओठ जांभळट होतात, मुका मार लागलेली जागा जांभळट दिसते. काळपट, हिरवट, पिवळट, मळकट हे शब्द बघा, त्यांत बहुधा नको असलेली झाक असते. निळसर, लालसर यांचा '-सर' मात्र निर्मळ आहे, तो फक्त रंग कुठे झुकतोय एवढंच सांगतो. म्हणून 'निळसर फिकट जांभळा' किंवा 'गुलाबीसर फिकट जांभळा' असं म्हणावं. तुमच्या रंगाऱ्याने विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता, कारण या रंगात झुकाव हीच खरी गोष्ट आहे.

प्रतिसाद :
तीन नावांबद्दल. तिन्ही फुलांची आहेत. ढोबळमानाने लव्हेंडर निळ्याकडे झुकतो, लायलॅक गुलाबीकडे, आणि मोव्हमध्ये राखाडी मिसळलेला असतो. पण कंपनीगणिक फरक पडतो, त्यामुळे नावापेक्षा शेडचा नंबर लिहून घ्या.

लायलॅक हा शब्द तर आपल्या नात्यातला आहे. फारसी 'नीलक', म्हणजे निळसर, तिथून अरबीमार्गे तो युरोपात गेला. त्याच्या मुळाशी संस्कृत 'नील'च. आपली नीळ आणि त्यांचा लायलॅक एकाच घरातले. मोव्ह हे फ्रेंचमधलं एका फुलझाडाचं नाव. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा मुलगा क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. पुढे त्या रंगाला हेच नाव मिळालं.

प्रतिसाद :
मराठीत जांभळ्याचे शब्द आहेत, पण बहुतेक गडद टोकाचे: वांगी, अंजिरी, गुलबक्षी. हलक्या टोकाला आपली भाषा एकदम गप्प होते असं मला वाटायचं.

प्रतिसाद :
गप्प कशी होईल? 'पारवा' विसरलात! शाळेतलं तानापिहिनिपाजा आठवा. त्यातला 'पा' म्हणजे पारवा, निळा आणि जांभळा यांच्या मधला.

प्रतिसाद :
तो वर्णपटातला पारवा, आणि तो गडद आहे. पण शब्द मुळात पक्ष्याचा. पारव्याच्या अंगावर निळसर राखाडी रंग असतो, आणि मानेवर ऊन पडलं की जांभळी-हिरवी चमक. बोलताना आपण 'पारवा' म्हणतो तेव्हा हाच मऊ, राखाडी रंग डोळ्यांपुढे येतो. प्रश्नकर्तीला 'थोडा धुरकट' हवा आहे ना? मग 'जांभळ्याकडे झुकणारा पारवा' म्हणावं. माझ्या मते याहून जवळचा मराठी शब्द नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद :
'पारवा' वाचून अक्षरशः उठून बसले! काल जाड पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे घेऊन एकाला लव्हेंडर, दुसऱ्याला मोव्हकडची छटा, असे दोन-दोन हात दिले आणि पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी लव्हेंडर फार सुंदर दिसला. संध्याकाळी पिवळा दिवा लावला आणि तोच मातकट झाला. मोव्ह मात्र दोन्ही वेळा शांत. असं का होतं?

प्रतिसाद :
पिवळ्या दिव्याच्या (२७०० केल्विनच्या आसपास) उजेडात निळा भाग कमी असतो. रंगातल्या निळ्याला परतवायलाच काही मिळत नाही, मग तो मळकट दिसतो. मोव्हमध्ये राखाडी आधीच असल्यामुळे त्याचं बिघडणं तेवढं जाणवत नाही. बेडरूममध्ये आपण जास्त वेळ रात्रीच असतो, तेव्हा निर्णय दिव्याखालीच घ्या.

शब्दाचा आणखी एक मुद्दा. 'फिकट'च्या उलट 'गडद', आणि 'भडक'च्या उलट 'मंद'. या दोन जोड्या वेगळ्या आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. रंग फिकट असूनही भडक असू शकतो. हलका लव्हेंडर चारही भिंतींना दिला की भिंती एकमेकींवर रंग टाकतात, आणि कार्डावर कोमल वाटलेला तुकडा खोलीत अंगावर येतो. म्हणून रंगाऱ्याला 'फिकट' आणि 'मंद' असे दोन्ही शब्द सांगा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद :
आज सांगितलं, "फिकट, मंद, जांभळ्याकडे झुकणारा पारवा, गुलाबीसर नको." त्याने कार्ड उलटून राखाडी रंगांच्या पानावर बोट ठेवलं! मी इतके दिवस जांभळ्यांच्या पानावर शोधत होते. आता तिसरा पुठ्ठा वाळतोय. तोच ठरला तर डोक्याकडची एकच भिंत रंगवायची, बाकी तीन पांढऱ्या.