'पथ्य' पाळायचं की खायचं?

खडीसाखर

आधी फजिती सांगते, मग प्रश्न विचारते.

आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ यांना कंटाळून गेल्या महिन्यात एका वैद्यांकडे गेले. म्हटलं, आयुष्यात एकदा आयुर्वेद नीट सुरू करून बघू. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, भूक-झोप-शौच यांची बारीक चौकशी केली आणि दोन रकान्यांचा छापील कागद हातात दिला. 'पथ्य' या रकान्यात जुने तांदूळ, मूग, दुधी, पडवळ, साळीच्या लाह्या, मनुका, मोरावळा, गायीचं तूप. 'अपथ्य'मध्ये दही, लोणचं, इडली-डोसा, कुळीथ, तीळ, शिळं अन्न, जागरण.

आता आमच्या घरात पथ्य म्हणजे बंदी. बाबांना साखरेचं पथ्य, आत्याला वांग्याचं पथ्य. त्या हिशोबानं मला मुगाचं पथ्य, दुधीचं पथ्य. आणि अपथ्य म्हणजे? ज्याचं पथ्य नाही ते! सहा दिवस मी मुगाला शिवले नाही. सकाळी इडली, रात्री दहीभात, वर लोणचं. तिसऱ्या दिवशी जळजळ वाढली तेव्हा वाटलं, औषध लागू पडतंय, आतलं साचलेलं बाहेर पडतंय. सातव्या दिवशी सासूबाईंनी फ्रिजवरचा कागद वाचला. "अगं, तू उलटं वाचलंस की!"

तर प्रश्न असा, की हा शब्द उलटा कधी आणि कसा झाला? की मीच उलटी?

बोरूबहाद्दर

तुमचा तर्क बिनचूक आहे, शब्दानंच दगा दिलाय.

'पथ्य' हा 'पथिन्' म्हणजे वाट, यावरून आलेला शब्द. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २५व्या अध्यायात, त्याची व्याख्याच दिली आहे: "पथ्यं पथोऽनपेतं यद् यच्चोक्तं मनसः प्रियम्". शरीराच्या वाटेला सोडून जात नाही आणि मनालाही आवडतं, ते पथ्य. शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचा. मनसः प्रियम्! पथ्य म्हटलं की आपलं तोंड पडतं, आणि मूळ व्याख्येत मनाला आवडणं ही अटच आहे.

म्हणजे संस्कृतात पथ्य खायचं असतं आणि अपथ्य टाळायचं असतं. वैद्यांचा कागद त्या हिशोबानं छापलेला. तुम्ही वाचलात तो घरच्या मराठीच्या हिशोबानं.

लोलिंबराज या वैद्यकवीच्या 'वैद्यजीवन' या ग्रंथात एक गमतीदार श्लोक आहे. त्याच्या दोन ओळी ऐकायला सारख्याच:

पथ्ये सति गदार्तस्य किमौषधनिषेवणम् ।
पथ्येऽसति गदार्तस्य किमौषधनिषेवणम् ॥

फरक फक्त अवग्रहाचा, म्हणजे लपलेला 'अ' दाखवणाऱ्या 'ऽ' या चिन्हाचा: 'सति' म्हणजे असताना, 'असति' म्हणजे नसताना. पथ्य असेल तर रोग्याला औषधाची गरज काय, आणि पथ्य नसेल तर औषधाचा उपयोग काय! औषधविक्रेत्यांनी दुकानात लावावा असा श्लोक नाही.

पन्हं

व्याकरणातून एक गोष्ट जाणवते. शब्द कुठल्या बाजूला येतो ते बघा.

साखरेचं पथ्य, तेलाचं पथ्य, वांग्याचं पथ्य: इथे ती वस्तू बंद.
पथ्याचा भात, पथ्याचं वरण, पथ्याची भाजी: इथे ती वस्तू खायची.

तीच षष्ठी, तेच दोन शब्द, जागा बदलली की अर्थ पालटतो. खडीसाखरताई, तुमच्या कागदावर 'पथ्याचे पदार्थ' असं छापलं असतं तर सहा दिवसांची जळजळ वाचली असती.

सुतरफेणी

पन्हं, नियम छान आहे पण सरसकट लागू होत नाही. आमच्या आजोबांच्या तोंडी "टायफॉइडमध्ये मला एकवीस दिवस मुगाच्या कढणाचं पथ्य दिलं होतं" असं वाक्य असायचं. तिथे कढण प्यायचंच होतं. मला वाटतं सगळी करामत क्रियापदाची. पथ्य 'दिलं' की खायचं, पथ्य 'पाळलं' की टाळायचं. आणि 'पाळणे' हे क्रियापद मराठीत आणखी कशाकशाला लागतं? मौन पाळणे, सुतक पाळणे, सोवळं पाळणे. सगळीकडे काहीतरी न करणं आलंच. त्या संगतीत राहून बिचारं पथ्य बिघडलं.

पन्हं

कबूल. सुतकाच्या संगतीत कोण बिघडणार नाही.

वहिनीसाहेब_बडोदेकर

जिथे शब्द अजून शाबूत आहे अशी एक जागा सांगते. बाळंतिणीचं पथ्य. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर ओवा आणि बाळंतशेपा, तूप सढळ हातानं. माझ्या बाळंतपणात आई म्हणायची, "पथ्य नीट खा, टाकू नकोस." आम्ही तीन पिढ्या बडोद्यात, घरचं मराठी जुनंच राहिलं असावं, पण 'पथ्य खा' हा प्रयोग मला कधी विचित्र वाटला नाही.

टिंब_टिंब

आणि 'पथ्यावर पडणे' कसं विसरलात सगळे? "पावसानं पाठ फिरवली ते टँकरवाल्यांच्या पथ्यावर पडलं." इथे पथ्य म्हणजे निव्वळ फायदा. बंदीचा मागमूस नाही. मूळचा 'हितकर' हा अर्थ वाक्प्रचारात जाऊन बसला आणि तिथे वाचला. फक्त मराठीच्या खवचट स्वभावाप्रमाणे हल्ली तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नुकसानातून झालेल्या फायद्यालाच वापरतात.

बोरूबहाद्दर

वा! हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

गडहिंग्लजकर

मराठीलाच दोष देऊ नका. आमच्याकडे सीमेवर कन्नडमध्येही 'पथ्य' म्हणजे खाण्यापिण्यावरची बंधनं असंच समजतात. तमिळमध्ये 'पत्तियम्' म्हणतात, तिथेही तोच सूर. हिंदीतला 'परहेज' मात्र फारसीतून आलेला आणि मुळातच टाळण्याचा. त्यानं कुणाला फसवलं नाही.

इंग्रजीतून घेतलेल्या 'डाएट'चीही तीच कथा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जगण्याची रीत. आज ऑफिसात "मी डाएटवर आहे" म्हटलं की समोरचा पेढ्यांचा बॉक्स मागे घेतो.

चिकित्सक_पण_प्रेमळ

थोडा विरोधी सूर. शब्द बदलला तर बदलला. 'पथ्य' म्हणजे बंदी हे आज लाखो लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, तेव्हा चूक छापणाऱ्याची. रुग्णाच्या हातात द्यायच्या कागदावर 'खावे' आणि 'खाऊ नये' इतकं सरळ लिहायला काय जातं? माझ्या आईच्या चिठ्ठीवर एकदा 'व्यानोदाने २-२' असं होतं. आम्ही ते औषधाचं नाव समजून दोन दुकानांत विचारलं.

बोरूबहाद्दर

हा हा. व्यानोदाने म्हणजे दोन्ही जेवणांनंतर. आयुर्वेद शरीरात जे पाच वायू मानतो त्यांतले हे दोन: सकाळच्या जेवणानंतर व्यान वायूचा काळ, रात्रीच्या जेवणानंतर उदान वायूचा. तसंच 'अपाने' (अपान हाही त्यांतलाच एक) म्हणजे जेवणाआधी. 'रसायनकाळी' म्हणजे सकाळी उपाशीपोटी. आणि 'अनुपान' म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते: कोमट पाणी, मध, तूप, ताक, जे सांगितलं असेल ते. एवढे चार शब्द पाठ केले तर महाराष्ट्रातली बरीच चिठ्ठी उलगडते.

सुतरफेणी

अनुपानाबद्दल एक पुस्ती. घरात कुणाला मधुमेह असेल तर "मधातून घ्या" दिसताक्षणी मध चाटवू नका. वैद्यांना आधी सांगा, ते अनुपान बदलून देतात. आणि आयुर्वेद सुरू केला म्हणून चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणारे महाभाग आमच्या सोसायटीत आहेत, तेही नको.

गावठी

'लंघन' शब्दाचीही अशीच काटछाट झाली आहे. आपण लंघन म्हणजे उपाशी राहणं एवढंच धरतो. चरकात देह हलका करणारं जे काही ते लंघन, आणि त्याचे दहा प्रकार मोजलेत. त्यात व्यायाम आहे, ऊन आहे, वारा आहे, तहान मारणं आहे, पाचन आहे. उपवास हा दहातला एक. सकाळी टेकडी चढून येणं हेही लंघनच.

आणि आपला उपवास? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, बटाट्याचे पापड. एकादशी दुप्पट खाशी. देह हलका होईल तो फक्त सोफ्यावर आडवा टाकल्यावर.

पन्हं

गावठी, एकादशीला हात लावू नका. ती खिचडी आमची मनसः प्रियम् आहे.

टिंब_टिंब

जाता जाता: हिरड्याचं एक संस्कृत नाव 'पथ्या'. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, गोळा करतात, त्यावर त्यांचं वर्षाचं बरंच गणित असतं. आईविना पोरक्याला हिरडा आई, अशा अर्थाचा श्लोकही आहे. चव मात्र आईसारखी अजिबात नाही, तुरट. आमची आजी तान्ह्याच्या गुटीत सहाणेवर हिरड्याचा एकच वेढा द्यायची, जास्त दिला तर पोराचे लंगोट बदलून दमायला होतं म्हणायची.

खडीसाखर

सगळ्यांचे आभार. वैद्यांकडे परत गेले होते, प्रकार सांगितला. आधी हसले, मग म्हणाले की असं करणारी तुम्ही या वर्षातली तिसरी. कागद तोच आहे, बदललेला नाही! मी पेनानं 'पथ्य'च्या पुढे 'चे पदार्थ' लिहून घेतलंय, पन्हं यांच्या नियमानुसार. मूग-भात-तूप सुरू केल्याला बारा दिवस झाले, रात्रीचं जागरण अजून सुटत नाही, पण ढेकर कमी आहेत.

शेवटचा एक प्रश्न. वैद्यांनी सकाळी 'पेया' घ्यायला सांगितली आहे. आमच्या शेजारच्या मालवणच्या काकू म्हणतात की ती म्हणजे पेजच. खरं का?

गावठी

खरंच. 'पेया'चाच प्राकृतातून झाला 'पेज'. पंचकर्मानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, पोट हळूहळू कामाला लावतात तेव्हा पहिली पायरी पेयेचीच असते, मग जरा घट्ट विलेपी, मग मुगाचं कढण. कोकणात आणि गोव्यात ती सकाळी दहा-अकराला निरोगी माणसंही पितात, उकड्या तांदळाची. हा एक शब्द पथ्यातून बाहेर पडून रोजच्या जेवणात गेला आणि तिथे सुखात आहे.

खडीसाखर

त्यात मीठ घालायचं ना?

गावठी

घाला की. पण काकू शेजारी लोणच्याची फोड ठेवतील, ती तुमच्या दुसऱ्या रकान्यात आहे.